बघायला यायचे पैसे

माझी बायको इन्शिराह गेली त्या सकाळी मी मादाम सुहेर यांच्या न्हाणीघरात ओणवा होऊन गळका पाइप बघत होतो. नुसता बघत होतो, म्हणजे फुकट. ही चौथी खेप. "तासाभरात येतो," असं इस्पितळात तिला सांगून निघालो होतो.

मुलाचा, रमझीचा, फोन आला. मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो. मादामनी पाणी दिलं, डोळे पुसले. "अल्लाह धीर देवो, उस्ता." मी दाराशी पोचलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "पण गळतंय नक्की कुठून?"

मी सांगितलं. कोपऱ्यातल्या सांध्यातून.

अलेक्झांड्रियात तीस वर्षं मी प्लंबर आहे; कारागिराला इथे 'उस्ता' म्हणतात. जिने चढतो, नळ उघडून बघतो, चहा पितो, खर्च सांगतो. लोक मान डोलावतात आणि मी शोधलेलं भोक दुसऱ्या स्वस्त माणसाकडून बुजवून घेतात. मला मिळतो तो चहा, तीन चमचे साखरेचा. इन्शिराह असताना एकदा डॉक्टर म्हणाला, साखर वाढलीय. त्याने बघायचे पैसे मात्र आधीच घेतले होते.

त्या दिवशी इन्शिराह भडकली. "तो खुर्चीत बसून बघतो तर पैसे घेतो. तुम्ही मोरीत आडवे होऊन बघता, अबू रमझी!"

"लोक विचारतात ना, 'किती झाले उस्ता?'"

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"राहू द्या म्हणतो."

"मग ते राहू देतात!"

"त्यांनी दोनदा-तीनदा आग्रह करायला हवा. तशी रीत आहे."

"ती तुम्हा एकट्यालाच पाठ आहे."

तिने स्वतः एका पुठ्ठ्यावर लिहिलं: 'बघायला येण्याचे दोनशे पौंड'. दुकानात लावायला दिलं. मी ते खणात ठेवलं.

तिच्या कबरीवर चाळीसाव्या दिवसाच्या विधीआधी नावाची संगमरवरी पाटी बसवायची होती. पाथरवट बयूमी जागा बघायला आला. दोन मायक्रोबस बदलून, भर उन्हात. माप घेतलं, दगड ठोकून पाहिला, घाम पुसला. मी थर्मासमधला चहा दिला.

"बघायचे किती झाले, उस्ता?"

"राहू द्या हो. बाईंच्या नावाने माझ्याकडून."

मला भरून आलं. इतक्या दिवसांत कुणी असं बोललं नव्हतं. मी त्याचे दोन्ही हात धरले. "अल्लाह तुमचं भलं करो!"

तो जरा उभा राहिला. मापाची फीत गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली.

"आणखी चहा?" मी विचारलं.

"नको," म्हणाला आणि गेला.

त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. चाळीसावा आला. नातेवाईक कबरीपाशी जमले. माझी मेहुणी विदाद दगडावरून हात फिरवून म्हणाली, "नाव कुठाय, भावजी?"

"पाथरवट फसवा निघाला. येऊन बघून गेला, तो गेलाच."

"बघायचे पैसे दिलेत?"

"तो राहू द्या म्हणाला."

"आणि तुम्ही राहू दिलेत? तुम्ही?"

अगदी इन्शिराहसारखं बघितलं तिने माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी दोनशे पौंड घेऊन बयूमीच्या दुकानात गेलो. "छे छे, राहू द्या," तो म्हणाला. मी पुढे केले. "अहो, खरंच नको." मी शपथ घातली. तिसऱ्यांदा त्याने ते खिशात टाकले आणि माझ्यासाठी चहा मागवला.

"मग पाटी?"

"बसवू की. पण तुमच्या आधी आता चौदा नावं आहेत, उस्ता."

चहा घेताना मादाम सुहेर यांचा फोन आला. सांधा बुजवून घेतला होता, आता दुसरीकडून गळतंय. जरा बघून जाल का? मी गेलो. निघताना त्यांनी विचारलं, किती झाले. मी म्हटलं, राहू द्या.

पुठ्ठा अजून खणातच आहे. इन्शिराहच्या कबरीवर अजून नाव नाही.