आत बोलावल्याशिवाय

टोपणनाव घेतलं की माणूस लपला, असं कीर्तीला वाटलं होतं. मुद्रितशोधकाच्या लेकीनं असं समजावं म्हणजे कमालच झाली.

तिचे वडील हरिदास, म्हणजे दादा, चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासून निवृत्त झाले होते. निवृत्त आपले नावापुरते. सात रस्ता चौकाजवळ छापखाना चालवणारा सोमशेखर अजूनही प्रुफांचे गठ्ठे घरी पाठवायचा, कारण सोलापुरात दुसऱ्या कुणाच्या नजरेवर त्याचा भरवसा नव्हता. कीर्तीनं ज्या दिवाळी अंकाला गोष्ट पाठवली, तो दरवर्षी पुण्यात छापला जायचा. यंदा संपादकांनी तो गावातच, सोमशेखरकडं छापायचं ठरवलं, आणि कीर्तीबाईंनी ते विचारलंच नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी ती कामावरून घरी आली, तर दादा खिडकीशी बसून तिचीच गोष्ट वाचत होते. वर नाव ‘निशिगंधा’. हातात लाल पेन, आणि ओळीखाली धरलेलं ते जुनं पोस्टकार्ड. एकेक ओळ वाचून झाली की पोस्टकार्ड खाली सरकायचं.

कीर्ती चपला न काढताच दारात थांबली.

गोष्ट होती व्हॅम्पायरची. कीर्ती रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. दिवसभर लोकांचं रक्त काढणारी बाई रक्त पिणारीची गोष्ट लिहिणार नाही तर काय पाककृती लिहिणार? शिवाय दादांनी छापखान्यातून आणलेल्या भयकथा वाचतच ती मोठी झाली होती. इतरांना त्यातल्या भुतांची भीती वाटायची, कीर्तीला हेवा वाटायचा. भुताला कुणी विचारत नाही, कुठं होतीस, कुणाबरोबर होतीस.

तिच्या गोष्टीत पडक्या बंगल्यात एक बाई राहते. वय तीनशे वर्षं, आरशात दिसत नाही, उन्हात गेली तर राख होते. तिला आणखी एक बंधन आहे. घरातल्या माणसानं ‘आत ये’ म्हटल्याशिवाय तिला कुठलाही उंबरठा ओलांडता येत नाही. गोष्टीतली मुलगी तिच्या प्रेमात पडते आणि आपखुशीनं मान पुढं करते. ‘दात टेकले तेव्हा तिला पहिल्यांदाच वाटलं, हे शरीर माझं आहे.’ त्यानंतर तिच्यासाठी स्थळं येणं बंद होतं. भुताला कोण स्थळ आणणार? हे वाक्य लिहिताना कीर्ती हसली होती, आणि मग बराच वेळ रडली होती.

कारण बंगल्यातली बाई म्हणजे झीनत. रक्तपेढीत ती रक्तदान शिबिरांचं काम बघायची. तीन वर्षं रोज संध्याकाळी ती कीर्तीला स्कूटरवरून सोडायला यायची, पण गल्लीच्या तोंडाशी भेळेच्या गाड्यापर्यंतच. पुढं कधी आली नाही, आणि कीर्तीनंही कधी बोलावलं नाही. आई वारल्यापासून घरात दादा आणि कीर्ती दोघंच होती. दादांची मान खाली गेली तर ती कुठल्या तोंडानं घरात राहणार होती?

“तुज्या गोष्टीतल्या बाईला बंगला तरी हाय,” गोष्ट वाचून झीनत म्हणाली होती. “आपल्याकडं नुसती स्कूटर हाय की.”

कीर्तीनं चहा करून दादांपुढं ठेवला.

“कशाची गोष्ट हाय, दादा?”

“भुताची.”

“बरी हाय का?”

“आपुन मजकुराचं बोलत न्हाय. मजकूर लिवणाऱ्याचा.”

हा त्यांचा जन्माचा नियम होता. एका लेखकानं पहिल्या पानावर मेलेला माणूस चौथ्या पानावर जेवायला बसवला होता, तरी दादांनी फक्त वेलांट्या दुरुस्त केल्या होत्या. स्वतः बोलताना ‘न्हाय’ म्हणायचे, पण कागदावर ‘न्हाय’ दिसलं की लाल पेन उचलायचे.

शेवटच्या पानावर पोस्टकार्ड थांबलं. ते का थांबलं, हे कीर्तीला तिथूनच कळलं. गोष्टीतला बाप ओळीखाली पोस्टकार्ड धरून पेपर वाचतो. लिहिताना तिनं त्याचा विचारसुद्धा केला नव्हता, वाचणारा बाप तिला तसाच माहीत होता. टोपणनाव काय कामाचं? चहावर साय धरली तरी पोस्टकार्ड हललं नाही. मग दादांनी समासात बराच वेळ काहीतरी लिहिलं, कागद पालथा घातला आणि पायात चपला सरकवल्या.

“पाय मोकळे करून येतो,” ते म्हणाले. तिच्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

ते गल्लीत वळेपर्यंत कीर्ती कशीबशी थांबली. मग तिनं कागद उलटा केला.

त्या पानावर बंगल्यातली बाई पहिल्यांदा मुलीच्या दारात येते. आत बाप पेपर वाचत असतो. तो तिला बघतो आणि डोळे पुन्हा पेपरात घालतो. कुणीच ‘आत ये’ म्हणत नाही. ती उजाडेपर्यंत तिथंच उभी राहते, आणि ऊन येतं. कीर्तीला दुसरा शेवट सुचलाच नव्हता.

पानावर एकही दुरुस्ती नव्हती. समासात, वळणदार अक्षरात, एवढंच होतं:

‘लेखिकेस विनंती. इथे बाप गप्प का बसतो, ते पटत नाही. मुलगी जिच्यावर एवढा जीव लावते, ती दारात उभी असलेली त्याला दिसते आहे. गेली तीन वर्षे दिसत असावी. तो रागाने गप्प नाही. त्याला शब्द सुचत नाहीत. शेवट पुन्हा पाहावा.’

कीर्ती तो कागद छातीशी धरून जमिनीवर बसली. तीन वर्षं ती ज्यांना घाबरली, त्या दादांना खिडकीतून भेळेचा गाडा स्पष्ट दिसत होता.

दादा परतले, जेवण झालं, पण दोघांपैकी कुणी त्या कागदाचा विषय काढला नाही.

शुक्रवारी गाड्यापाशी स्कूटर थांबली, तेव्हा कीर्ती उतरली नाही.

“दारापतूर चल,” ती म्हणाली.

झीनतनं वळून पाहिलं. “येडी झालीस?”

“चल की.”

दार उघडंच होतं. कीर्ती आत गेली, पण झीनत हेल्मेट छातीशी धरून उंबरठ्याबाहेरच उभी राहिली. दादा खुर्चीत पेपर वाचत होते, ओळीखाली पोस्टकार्ड. त्यांनी वर पाहिलं आणि डोळे पुन्हा पेपरात घातले. कीर्तीला तिनं लिहिलेलं पान जसंच्या तसं समोर दिसलं.

दादांचे ओठ हलले. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं सुधारलेला माणूस स्वतःचं एक वाक्य जुळवत होता. मग त्यांनी पोस्टकार्ड पेपरात ठेवलं, उठून समोरच्या खुर्चीवरचा प्रुफांचा गठ्ठा उचलला आणि खुर्ची धोतराच्या सोग्यानं पुसली.

“आत ये, पोरी,” ते म्हणाले. “भाईर ऊन हाय.”

ऊन केव्हाच उतरलं होतं, गल्लीत दिवे लागले होते. पण झीनतनं गोष्ट वाचली होती. तिनं चपला काढल्या आणि ती आत आली.