पाठ केलेलं पान

ज्ञानदेवाची पौडची एस.टी. सव्वासातला वाडीच्या फाट्यावर यायची. त्याआधी तो दाढी करायचा आणि दाढी करता करता लेकीला शुद्धलेखन घालायचा. दहा ओळी. गालावर साबणाचा फेस, हातात वस्तरा आणि तोंडाने एकेक शब्द अगदी स्वच्छ. दहा ओळी झाल्या की तोंड पुसून तो पाटी बघायचा. जितक्या चुका तितके रूळ. हा रूळ कचेरीतला जुना होता, रेघा मारायचा, काळा आणि गोल. १९८३ सालच्या श्रावणातल्या त्या सकाळी पाटीवर अकरा चुका निघाल्या.

"हात म्होरं कर."

विशाखाने हात पुढे केला. अकरा वर्षांची पोर, चौथीत दुसऱ्यांदा बसलेली. ती रडली नाही, कारण रडलं की एक जास्त मिळतो हे तिला ठाऊक होतं. चुलीपुढे तिची आई फुलाबाई तांदळाची भाकरी थापत होती. प्रत्येक रुळाला तिचा हात परातीत थांबत होता.

"अवं, आज विहारात वाचायला आपलं घर हाय," ती शेवटी म्हणाली. "हात सुजला तर पुस्तक कसं धरंल ती?"

"म्हनून तर जास्त राग येतोय. विहारात घडाघडा वाचती आन पाटीवर हे असलं लिवती! ह्याला काय म्हनायचं? निव्वळ लबाडी!"

आता ज्ञानदेवाच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपल्यालाही तसंच वाटलं असतं. वाडीच्या बौद्ध वस्तीत वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले तीन महिने रोज संध्याकाळी विहारात धम्मग्रंथाचं एक पान वाचलं जाई. रोज एकेका घराने वाचायचं. इतर घरांतून कोणी अडखळत, कोणी बोट ठेवून वाची. ज्ञानदेवाच्या घरातून गेली दोन वर्षं विशाखा वाचत होती आणि ती अडखळत नसे. म्हातारी माणसं मान डोलवत आणि ज्ञानदेवाची छाती फुगून येई.

त्याचं कारणही तसंच होतं. ज्ञानदेवाचा आजा शाळेच्या पायरीवर, पावसात बसून चार अक्षरं शिकला. त्याला आत घेत नसत. ज्ञानदेव वस्तीतला पहिला मॅट्रिक, पौडच्या तहसील कचेरीत कारकून. अशा माणसाच्या पोटी आलेली मुलगी चौथीत नापास होते, तेव्हा कोणीतरी आपल्या आजाला पुन्हा पायरीवर नेऊन बसवलं असं त्याला वाटे. त्याचा राग समजण्यासारखा होता. पण राग समजण्यासारखा असला म्हणून रूळ कमी लागतो असं नाही.

खरी गोष्ट अशी होती की विशाखाला वाचता येतच नव्हतं. कोणतं पान कोणत्या घराकडे हे आधीपासून ठरलेलं असे. वस्तीतले जाणते कुशाबा दुसऱ्या दिवशीचं पान आदल्या दुपारी ओट्यावर बसून मोठ्याने वाचून बघत, कारण त्यांना ऐकू कमी येई. विशाखा त्यांच्या शेळीला पाला घालायच्या निमित्ताने तिथे बसे. दोनदा कानांवरून गेलं की सबंध पान तिला पाठ. मग विहारात पुस्तक डोळ्यांपुढे धरायचं आणि म्हणायचं. फुलाबाईला हे कळलं होतं. पण वर्षातून दोन-तीन दिवस पोरीला शाबासकी मिळतेय, तर कशाला बोला, असं म्हणून ती गप्प राहिली.

त्या संध्याकाळी घोटाळा झाला. आदल्या दिवशी ओढ्याला पूर आल्यामुळे बहिरूच्या घरचं वाचन चुकलं होतं आणि त्या घरचं आजही कोणी आलं नव्हतं. कुशाबा म्हणाले, "आज आधी बहिरूच्या घरचं, कालचं पान वाच, पोरी. मंग तुझं." आणि त्यांनी ते पान उघडून तिच्या हातात दिलं.

कालचं पान ऐकायला ती गेली नव्हती. तिने क्षणभर पुस्तकाकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात आपलंच पान म्हणायला सुरुवात केली. दोन-तीन ओळी झाल्यावर कुशाबांनी चष्मा काढला.

"आगं, हे आजचं. मी कालचं म्हनलो. हितनं वाच, हितनं." त्यांनी बोट ठेवलं.

विशाखाने बोटाखालच्या ओळीकडे पाहिलं. पोरांमधून कोणीतरी फिदीफिदी हसलं.

"वाच," ज्ञानदेव म्हणाला. मग पुन्हा, "वाच म्हनतोय ना?"

"मला येत न्हाई, आबा."

"काय येत न्हाई?"

"वाचायला. कुटलंच पान."

ज्ञानदेव उठला आणि भर विहारात त्याने तिच्या थोबाडीत मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा. "लबाड! दोन वर्सं समद्या वस्तीला फशिवलंस! माज्या तोंडाला काळं फासलंस!" समोर बुद्धाची मूर्ती होती. करुणेचे शब्द ऐकायला चाळीस माणसं जमली होती आणि त्यांतला एकच जण उठला. तो दाराजवळ, चपलांपाशी बसलेला भिकू. ज्ञानदेवाचा धाकटा भाऊ.

"पुरं कर दादा. पोर हाय ती."

"तू ढ! तुला काय कळतंय ह्यातलं? बस खाली!"

भिकू खाली बसला. हे त्याला सवयीचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून विशाखाची शाळा बंद झाली. आजी जाईबाईने लगेच मनातलं काढलं. "आडात न्हाई तर पोहऱ्यात कुटनं येनार? माज्या भाच्याचा नातू हाय भुगावला. चांगलं पोरगं हाय. दोन वर्सांत उजवून टाकू."

ज्ञानदेव म्हणाला, "बघा."

मुलीचं लग्न अठरा वर्षांच्या आत करू नये, असं सांगणारा कागद त्याने स्वतःच्या हाताने, खळ लावून कचेरीच्या भिंतीला चिकटवला होता. तो कागद पौडला राहिला. घरात एका शब्दावर पोरीचं आयुष्य ठरलं, आणि ती त्या वेळी दारात बसून भाजी निवडत होती.

भिकूला मात्र घास गोड लागेना. तो दुसरीही पुरी शिकला नव्हता. पण खोऱ्यात कोणाचंही ऑइल इंजिन बिघडलं की भिकूला बोलावणं. लांबून आवाज ऐकून काय मोडलंय ते तो सांगे. चौथ्या दिवशी त्याला कळलं की गावच्या शाळेत मुलांची तपासणी करायला डॉक्टरीणबाई आल्या आहेत. त्याने विशाखाला भाताच्या खाचरातून, चिखलाच्या पायांनीच उचललं आणि शाळेत नेऊन उभी केली.

"बाई, हिचं डोळं बघा. हिला अक्षरं हालताना दिसत्यात, ही म्हनली मला." मग खाली बघत म्हणाला, "मला पन तसंच दिसायचं. कुनाला सांगितलं न्हाई मी. हसतील म्हनून."

बाईंनी डोळे तपासले. डोळे उत्तम होते. भिंतीवरचा एक सुविचार वाचायला सांगितला तर पोरगी पहिल्याच शब्दावर अडली. पण विहारातलं पान म्हण म्हटल्यावर तिने ते एका दमात म्हटलं. मग बाईंनी पुण्यातल्या एका इस्पितळाच्या नावे चिठ्ठी लिहिली, खाली शिक्का मारला आणि वर पालक म्हणून ज्ञानदेवाचं नाव घातलं.

ज्ञानदेव देवाला भीत नसे. पण कारकून माणूस, शिक्क्याला भ्यायचाच. तो कुरकुरत, रजा टाकून पुण्याला गेला.

इस्पितळात अशा मुलांना शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी विशाखाला दोन तास आपल्याजवळ ठेवलं. चित्रं, ठोकळे, तोंडी हिशेब, गोष्टी. मग ज्ञानदेवाला आत बोलावलं.

"हिची बुद्धी चांगली आहे. चांगल्यापेक्षा चांगली. फक्त अक्षर आणि आवाज यांची गाठ हिच्या मेंदूत इतरांसारखी आपोआप बसत नाही. ती हाताने, सावकाश बांधावी लागते. याला डिस्लेक्सिया म्हणतात, आळस नव्हे. बाकीच्या मुलांपेक्षा दुप्पट मेहनत करून ही नापास होते आहे."

त्यांनी वाळूच्या कागदातून कापलेली अक्षरं दाखवली. त्यांवरून बोट फिरवत आवाज काढायचा, एका वेळी एकच आवाज, रोज वीस मिनिटं. चुका मोजायच्या नाहीत. परीक्षा तोंडी घ्यायला गुरुजींना विनंती करायची आणि दर पंधरा दिवसांनी शनिवारी इथे यायचं.

"मारलंय का कधी हिला?"

"थोडंफार."

विशाखाने मान खाली घातली.

"घरात आणखी कोणाला असा त्रास? आई, काका, आत्या? पुष्कळदा घराण्यात असतो."

"नाही," ज्ञानदेव साफ म्हणाला. "आमच्यात कोणी नाही."

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली होती, मांडीवर वाळूच्या अक्षरांची पुडी. विहारातल्या त्या संध्याकाळनंतर ती बापाशी आपणहून एक शब्द बोलली नव्हती. पौड जवळ आलं तेव्हा ती बोलली.

"आबा, भिकूतात्याचं का न्हाई सांगितलं?"

"काय सांगायचं?"

"त्याला पन तसंच हाय. बाईंनी इचारलं व्हतं की."

दहा दिवसांपूर्वी ज्या पोरीला त्याने लबाड म्हणून चारचौघांत मारलं, तिने त्याला कसलाही राग न धरता, सहज विचारलं होतं. आणि खोटं तो बोलला होता, त्या लेकीसमोर. कशासाठी? तर एका अनोळखी बाईपुढे घराण्याची अब्रू राहावी म्हणून.

मग त्याला ते आठवलं जे तो तीस वर्षं आठवत नव्हता. तो चौथीत, भिकू दुसरीत. हुशार मुलांनी लहानांचे धडे घ्यायचे अशी त्या वेळच्या गुरुजींची पद्धत. भिकूचा धडा ज्ञानदेव घ्यायचा आणि भिकू अडला की छडीही तोच मारायचा. वर्ग हसायचा. त्या साली घरात दोघांना शिकवायची ताकद उरली नाही, तेव्हा बापाने थोरल्याला विचारलं, "भिक्याचं कसं काय हाय रं?" ज्ञानदेव म्हणाला होता, "ढ हाय. त्याला शाळंत घालून काय उपेग?" दुसऱ्या दिवशी भिकू लोकांच्या गुरांमागे गेला. घरात पाटी एकच होती. ती आपल्या एकट्याला मिळावी, हेही तेव्हा मनात होतं. दहा वर्षांच्या पोराच्या मनात होतं खरं, पण होतं. आज कचेरीतली खुर्ची, महिन्याचा पगार, वस्तीतला मान, हे सगळं त्या एका शब्दावर उभं आहे असं ज्ञानदेवाला वाटलं आणि त्याला एस.टी.त बसवेना.

दुसऱ्या दिवशी तो विशाखाला घेऊन शाळेत गेला. हैबतराव गुरुजी म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी, ज्ञानदेवराव. कशाला वेळ घालवता?"

"गुरुजी, ही चिठ्ठी वाचा. मी हिला रोज मारत होतो. मी चुकलो. हिची परीक्षा तोंडी घ्या, लिहायला उशीर लागला तर लागू द्या. आणि आजपासून हिच्या अंगाला कोणी हात लावला तर मी कचेरीतून उठून इथं येईन."

घरी येऊन त्याने आईला सांगितलं, "भुगावला निरोप धाडा. अठरा पुरी झाल्याबिगर आन शाळा उरकल्याबिगर हिचं लगीन न्हाई." जाईबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली.

हे सगळं त्याने धडाक्यात केलं. पण भावापुढे जायला त्याचे पाय उचलेनात. भिकू दिसला की तो गल्ली बदलायचा. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी सुट्टी होती. भिकू ओढ्याकाठी कोंडिबाचं इंजिन उघडून बसला होता. ज्ञानदेव जाऊन त्याच्यासमोर, ओल्या गवतावरच बसला.

"भिक्या, तू ढ नव्हतास."

भिकू नट आवळत राहिला.

"पोरीला जे हाय तेच तुला हुतं. पुन्याच्या बाईंनी घरान्याचं इचारलं, तर मी न्हाई म्हनलो. त्या वक्ताला आपल्या आबांना पन मीच सांगितलं, तुला शाळंतनं काढा म्हनून. मला पाटी पायजे हुती."

भिकूने पाना खाली ठेवला. हाताचं काळं तेल चिंधीला पुसायला त्याने फार वेळ लावला.

"मला वाटलं आबांनीच काढलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू ढ म्हनलास ते मी खरं मानलं, दादा. तीस वर्सं. लगीन ठरलं तवा बायकोला बी आधीच सांगून टाकलं, मी ढ हाय, मागनं फशिवलं म्हनू नगंस."

ज्ञानदेव ढसाढसा रडला. भिकूने त्याला गप्प केलं नाही आणि माफही केलं नाही. एवढंच म्हणाला, "समद्यांम्होरं म्हनला हुतास. आता समद्यांम्होरं सांग."

पुढच्या पौर्णिमेला ज्ञानदेवाने विहारात उभं राहून सगळं सांगितलं, पाटीचंसुद्धा. विशाखा त्यानंतर सव्वा वर्षाने एक सबंध पान वाचू शकली, बोट ठेवून, सावकाश. भिकूला कोणी वाचायला शिकवलं नाही. त्यानेही नको म्हटलं.

वाचकहो, अशी मुलं प्रत्येक शाळेत बसलेली असतात, बहुधा मागच्या ओळीत. त्यांच्यासाठी आता उपाय आहे, शिकवणारी माणसं आहेत, मारायची गरज कधीच नव्हती. पण आज मला तुम्हाला मुलांविषयी विचारायचं नाही. तुमच्या घरात, भावकीत, एखाद्या मोठ्या माणसाला लहानपणी सगळे ढ म्हणत असत. तुम्हीही म्हणाला असाल. एकदा त्याच्यासमोर जाऊन बसा आणि विचारा, त्याने ते खरं मानलं होतं का.