पाठीवरची ओळ

कलावंत कोणाच्या बापाला भीत नसतो. आदिनाथ पेंटर हे वाक्य अख्ख्या चुडावा गावाला ऐकवायचा. आत्ता मात्र तो टर्पेंटाइनचा बोळा घेऊन मुंजाजीमामांच्या बैलाची पाठ घाशीत होता.

सकाळी पोळ्यासाठी त्याच पाठीवर त्यानं झोकात लिहिलं होतं : 'मी दावण बदलत नाही.' तीन पक्ष फिरून आलेल्या साहेबांचं नाव त्यात कुठंच नव्हतं. गरजही नव्हती. मिरवणुकीत माणसं हसून लोळली, फोटो मोबाइलवरून तालुकाभर गेला, आणि साहेबांच्या पीएचा फोन आला.

"साहेबांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता. कुणाला बोलू नको."

फोन ठेवताच आदिनाथनं टर्पेंटाइनचा डबा शोधला. मागच्या साली शेजारगावच्या शाहिरानं साहेबांवर कवन रचलं होतं. नंतर महिनाभर हात गळ्यात बांधून फिरला. विचारलं की म्हणायचा, "मोरीत घसरलो."

"आरं, पुसायलास कशाला?" मामा त्याचा हात धरू लागले. "लय दिसानं कुणीतरी खरं लिवलं. बैल माझा हाय, मी बघतो."

"बैलाला कोण इचारतंय, मामा? अक्षर माझं हाय."

"मग ऱ्हाऊ दे की!"

"हात बी माझाच हाय."

मामांनी त्याचा हात सोडला.

आधी 'नाही' पुसलं गेलं. उरलेली ओळ वाचून आदिनाथला आणखीच घाम फुटला. बैल कातडी थरथरवत निमूट उभा होता.

तो गाडीला किक मारत असताना बायको शिवकन्या म्हणाली, "आवं, गेल्या गेल्या पाय धरा. तुमची ती कला-बिला काढू नका तिथं."

बंगल्याचं लोखंडी फाटक त्याच्यामागं बंद झालं. पीए त्याला मागच्या शेडमध्ये घेऊन गेला.

"येताना कुणी पाह्यलं न्हाई ना?"

आदिनाथ त्याच्याच पायाकडं वाकला. "भाऊ, ती ओळ माझी न्हाई. मुंजाजीमामानं लिव्हाय लावली. मी नुस्ता रंग दिला. आईची आन!"

"कोणची ओळ?" पीएनं भिंतीला टेकवलेल्या बोर्डांकडं बोट दाखवलं. "ह्याच्यावरचं जुनं चिन्ह घालव. सकाळपर्यंत नवं पायजे. चहा घेणार का?"

साहेबांचा चौथ्या पक्षात प्रवेश दुसऱ्या दिवशी होता.