कच्चा डबा, पक्का डबा

"मेटिक्युलस," कार्डावरचा शब्द वाचून लेक म्हणाली, "म्हणजे... अं... बारीकसारीक गोष्टींत काटेकोर."

"अडखळलीस. कच्च्यात." आईने कार्ड डाव्या डब्यात टाकलं.

"अगं, अर्थ बरोबर होता."

"असेल. पण अडखळलीस."

आईला इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं. कार्ड उलटं धरलंय की सुलटं, हेही लेकच सांगायची. उभा जन्म शिंप्याकडच्या कपड्यांना काज-बटणं करण्यात गेलेला. बटणांचे दोन रिकामे डबे तिने लेकीच्या शब्दांना दिले होते. लेक इस्पितळात नर्स. परदेशातली नोकरी हवी तर इंग्रजीची परीक्षा, आणि परीक्षेला असे शब्द की म्हणताना दाताखाली खडा यावा. ड्यूटीवरून आली की लेक पाय पसरून बसायची आणि आई कार्ड दाखवायची. उत्तर खरं की ठोकून दिलेलं, हे आई आवाजावरून ओळखायची. लेक पहिली थाप मारायला शिकली तेव्हापासूनची ही विद्या.

शेजारीण चिडवायची, "मास्तरीणबाई, तुमचं स्वतःचं नाव तरी येतं का इंग्रजीत लिहायला?"

"मला कुठं जायचंय?" आई म्हणायची.

पहिल्या खेपेला लेक नापास झाली. आईला आनंद झाला. मग त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली की ती आणखीच कडक झाली. लेकीने नुसता आवंढा गिळला तरी कार्ड कच्च्यात.

उद्या दुसरी खेप. काज करता करता आईने उजळणीसाठी पक्का डबा उघडला. पहिल्याच कार्डाला लेक अडखळली. दुसऱ्यालाही. तिसरं तिने नीट पाहिलंसुद्धा नाही.

"नाही येत गं. या वेळी नकोच बसायला."

आईने हातातली सुई कापडात खोचली.

"मी गेल्यावर तुझ्याजवळ कोण आहे?" लेकीने विचारलं.

"हे परीक्षेत विचारणार आहेत का?"

लेकीने तिच्या हातातलं कार्ड काढून पालथं घातलं.

"येतंय तुला सगळं. मुद्दाम अडखळतेस," आई म्हणाली. "खरंच अडखळतेस तेव्हा आधी ओठ चावतेस."

तिने तेच कार्ड पुन्हा समोर धरलं. उलटंच. लेकीने या खेपेला सुलटं करायला सांगितलं नाही.

"इनेव्हिटेबल," ती एका दमात म्हणाली. "न टळणारं."

"हं," म्हणत आईने कार्ड पक्क्या डब्यात टाकलं आणि पुढचं काढलं.