आळीत बेकार कोणी नाही

येडगावात सोयरीक जुळवायची तर मुलीकडची माणसं आधी उघडपणे येत नाहीत. कोणी जुना ट्रॅक्टर बघायला येतो, कोणी पत्ता चुकल्याचं सोंग करतो, आणि चहा पिता पिता मुलाची सगळी कुंडली काढून जातो. त्यामुळे पुण्याहून आलेली समृद्धी ओट्यावर बसून मुलगा किती शिकला, काय करतो, पगार किती, असं विचारू लागली तेव्हा उज्ज्वलाबाईंना शंकाच उरली नाही. बेरोजगारीवर संशोधन म्हणे. हे सोंग जरा नवं होतं, पण पोरगी गोड होती.

त्यांनी पोहे केले, वर खोबरं पेरलं आणि दिलं ठोकून, की सुभाष चाकणला कंपनीत आहे, परमनंट. खरं तर एम.कॉम. झालेला सुभाष त्या वेळी मागच्या वावरात टोमॅटोला सुतळी बांधत होता आणि नोकरीचे अर्ज करून करून मेटाकुटीला आला होता. पण बिनानोकरीच्या पोराला मुलगी कोण देणार?

समृद्धी पुढच्या घरी गेली. तिथंही पोहे, तिथंही चाकण. दिवस कलेपर्यंत आळीत बेकार असा एकही पोरगा उरला नाही, आणि बिचारीला पोह्यांची बशी दिसली तरी धडकी भरू लागली.

संध्याकाळी शेजारचे गेणभाऊ फाट्यावरून बातमी घेऊन आले. ती पोरगी खरंच संशोधन करतेय. शिकून घरी बसलेल्या पोरांना नारायणगावात सहा महिने काम शिकवणार, वर विद्यावेतन देणार, आणि त्यानं नोकरी लागते का ते बघणार. इथं बेकार कोणीच नाही, म्हणून आता दुसऱ्या गावाला जायला फाट्यावर एसटीची वाट बघतेय.

उज्ज्वलाबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. आपणच पोराच्या पोटावर पाय दिला की! पदर खोचून त्या तडक फाट्यावर गेल्या. डेअरीवर दूध घालायला आलेल्या आळीतल्या बायका नेमक्या तिथंच उभ्या होत्या. सगळ्यांदेखत बोलायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं, पण एसटी समोर दिसत होती.

"पोरी, आमचा सुभाष घरीच हाय. नोकरी न्हाई त्याला. मला वाटलं, तू मुलीकडची हायेस."

मग धोंडाबाईनं किटली खाली ठेवली आणि आमचाबी घरीच हाय म्हणाली. मग तिसरी. बघता बघता चाकणच्या कंपन्या ओस पडल्या.

समृद्धीनं एसटी सोडली आणि डेअरीच्या पायरीवरच लिहायला बसली. सुभाषचं नाव पहिलं. उज्ज्वलाबाईंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच मूळ स्वभाव जागा झाला. शेजारी टेकून त्यांनी चौकशी सुरू केली, की शिक्षण किती, घरी कोण कोण, नोकरी पक्की आहे का.

"पीएचडी चालू आहे, काकू. हे काम मार्चपर्यंतच. पुढं मीपण घरीच."

उज्ज्वलाबाईंना हसू आवरेना. "मग आमचीच काय लिवतीस? तुझंबी नाव घाल त्यात." त्यांनी तिचा हात धरला. "चल घरी. पिठलं-भाकरी करते. पोहे आता सुभाषला नोकरी लागल्यावर."