मीच ती

लॅबमध्ये तिला सगळे ताई म्हणत, आणि ताईंचा हात हलका असंही म्हणत. सुई कधी गेली नि कधी निघाली, पेशंटला कळायचं नाही. सोळा वर्षं तिने त्या हातावर काढली. पण त्या बुधवारी सकाळी एका निवृत्त मास्तरांच्या दंडाला पट्टा बांधून तिने चार वेळा सुई टोचली आणि चारही वेळा शीर हुकली. कोपराशी निळा फुगवटा आला. मास्तर ओरडले नाहीत. जवळ वाकून एवढंच म्हणाले, "बाळ, तुझ्या तोंडाला वास येतोय."

तासाभरात लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं. "बरी होऊन ये. नाहीतर येऊच नकोस."

घरी येऊन तिने कपाटातल्या जुन्या चादरींमागे हात घातला. बाटली नव्हती. तिच्या जागी वहीचं फाडलेलं पान होतं, त्यावर मुलीचं टपोरं अक्षर: 'वाचनालय, मागची खोली, रोज संध्याकाळी सहा. दारू सोडणाऱ्यांची बैठक.' चौदा वर्षांची पोर. तिने हे कधी शोधलं, कुणाला विचारलं, देव जाणे. आठवड्यापूर्वी पालकसभा होती, तेव्हा ती खाली बघत म्हणाली होती, "आई, तू नको येऊस. आजी येईल."

साडेपाचला ते पान घेऊन ती वाचनालयात पोचली. मागच्या खोलीला कुलूप होतं. पुढच्या टेबलाशी पुस्तकं बदलायला माणसांची ही रांग. विचारायचं म्हणजे चारचौघांत तोंड उघडायचं. ती रांगेत उभी राहिली.

"काय हवं?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"इथे शिवणक्लास भरतो ना, मागे?"

"शिवणक्लास? छे. मागे बेवड्यांची बैठक भरायची, तीही हलवली."

"कुठे हलवली?"

त्याने आता मान वर केली. "तुम्हाला शिवणक्लास हवाय ना?"

मागची बाई कान टवकारून उभी होती. सरळ वळून निघून जावं, असं तिला वाटलं. पण जायचं कुठे? घरी, रिकाम्या कपाटापुढे? "मला तिथेच जायचंय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की कारकुनाने "काय?" म्हटलं, आणि तिला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने म्हणावं लागलं.

त्याचा चेहरा पडला. त्याने चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला: दोन चौक पुढे, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, पहिला मजला.

त्या दोन चौकांच्या मध्ये दारूचं दुकान होतं. पाय आपोआप थांबले. पाच मिनिटांनी ती निघाली तेव्हा पर्समध्ये छोटी बाटली होती आणि एक घोट पोटात होता. त्या घोटाने हात थोडे स्थिरावले, मन मात्र आणखीच खचलं. जिना चढताना वाटलं, हे म्हणजे प्रेतयात्रेला नटून जाण्यासारखं झालं.

वर नऊ-दहा पुरुष खुर्च्यांवर गोल बसले होते. दाराशी बसलेला जाडजूड माणूस, पूर्वीचा ट्रकड्रायव्हर, लगबगीने उठला. "या ताई. पण घरच्यांची बैठक मंगळवारी असते. मिस्टर कुठे आहेत?"

सगळे तिच्याकडे बघत होते. हो म्हणायला किती सोपं होतं. हो, नवरा पितो, मी मंगळवारी येते. नवरा तर आठ वर्षांपूर्वीच गेला होता. त्याच्यावर ढकललं असतं तर तो काही उठून भांडायला येणार नव्हता.

"मी घरची नाही," ती म्हणाली. "मीच ती. आत्तासुद्धा पिऊन आलेय."

कुणी हसलं नाही. ड्रायव्हरने आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. कुणीतरी चहाची कपबशी हातात दिली. बशी इतकी खडखडली की शेजारी बसलेल्या एका शिंप्याने ती खालून धरून ठेवली आणि बैठक संपेपर्यंत धरली. कोण काय बोललं, यातलं फारसं तिच्या डोक्यात शिरलं नाही. तिला फक्त रडू येत होतं, आणि तिथे रडायला कुणाची आडकाठी नव्हती.

निघताना ड्रायव्हरने पर्सकडे बोट दाखवलं. त्याला कसं कळलं कोण जाणे. तिने बाटली काढून दिली. मोरीत ओततानाचा तो आवाज ऐकून तिला वाटलं, आत्ता धावत जाऊन तोंड लावावं. तिने दाराची चौकट घट्ट धरली.

पुढचे दोन दिवस ती गेली. शनिवारी गेली नाही, प्यायली. रविवारी अंथरुणातून उठवेना. दुपारी मुलगी उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"प्यायलीस ना काल?"

खोटं बोलायची जुनी सवय ओठांवर आली आणि थांबली. "हो," ती म्हणाली.

मुलगी म्हणाली, "आज मी तुझ्याबरोबर येते. वर जातेस की नाही ते खाली उभी राहून बघते."

"बघ," आई म्हणाली, आणि तोंड धुवायला उठली.