गफ्फार मिस्त्रीची पाचर

नेरच्या गफ्फार मिस्त्रीनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि पाहायची हौसही नव्हती. तो गेला ते पोराचं काम पाहायला. रिजवान एकुलता एक. तीन वर्षांपूर्वी बापाच्या बोलण्याला कंटाळून घर सोडून गेला. बाप तरी कसा! चार गिऱ्हाइकांसमोर पोरानं जोडलेल्या लाकडाच्या सांध्यात खोट काढल्याशिवाय त्याला भाकर गोड लागायची नाही. रिजवान पार गुजरातेतल्या एका जुन्या बंदरावर लाकडी घरांच्या दुरुस्तीला लागला आणि मागच्या हिवाळ्यात तिथंच काविळीनं गेला. ‘चांगलं केलं’ हे दोन शब्द पोरानं बापाच्या तोंडून कधी ऐकलेच नाहीत. आता निदान त्याच्या हातच्या लाकडाला तरी ते म्हणावेत, एवढ्यासाठी म्हातारा निघाला.

जनरलच्या डब्यात उभ्यानं प्रवास, दर्ग्याच्या मुसाफिरखान्यात मुक्काम आणि पिशवीत बायकोनं, जैबुनबीनं बांधून दिलेल्या भाकरी, ठेचा. गाईड परवडेना, म्हणून दुसऱ्यांच्या गाईडमागं चार पावलं ठेवून फुकटात कान देत फिरला. धक्क्याला लागून दुमजली घरांची रांग, सगळी सागवानी. लोक फोटो काढत होते, हा सांधे तपासत होता. पोराचा हात आपण हजारात ओळखू, असा त्याचा तोरा. एका सज्ज्याच्या कठड्यात त्याला हवा तसा सांधा सापडला, नखही शिरणार नाही असा घट्ट. त्यावर हात फिरवत तो पोटभर रडला.

“चांगलं केलं रे बापा,” म्हणाला.

डोळे पुसून पाहतो तर शेजारच्याच सांध्यात फट. मिस्त्रीचं डोकं सणकलं. हे कोणाचं बेंगरूळ काम? उद्या नाव माझ्या पोराचं खराब होईल! खाली पडलेली ढलपी त्यानं चाकूनं तासली आणि पिशवीतल्या हातोडीनं त्या फटीत पाचर ठोकून दिली. सवयीचा हात, दोन घावांत काम झालं.

आवाज ऐकून रखवालदार धावत आला. त्यानं हिंदीत झापलं ते असं, की घट्ट सांधा कोण्या ठेकेदाराच्या माणसाचा, आतून तडकलेला. फटीचा होता तो रिजवान मिस्त्रीचा. इथल्या पावसात लाकूड पाणी पिऊन फुगतं, म्हणून त्यानं मापून जागा सोडली होती, त्यासाठी मुकादमाशी भांडला होता.

मिस्त्रीनं पाचर उपटायला घेतली. ती हलेना. जोर लावला तशी ती निघाली, पण सांध्याचं तोंड चिरलं आणि बोटभर तुकडा हातात आला. आपण रिजवानचे कोण, हे रखवालदाराला सांगायची त्याची छाती झाली नाही.

नेरला परतला तेव्हा जैबुनबी दारातच बसली होती. तिनं एवढंच विचारलं, लेकराचं काम कसं होतं?

“माह्याहून चांगलं होतं,” मिस्त्री म्हणाला. “मले ओळखूच नाही आलं, जैबुन. म्या ते सुधारायले गेलो.”